आधी जागा सांग, मग माणसं

आबांच्या दोन्ही डोळ्यांची मधली दृष्टी गेली त्याला आता तीन वर्षं होतील. मॅक्युलर डिजनरेशन. यात पूर्ण अंधार होत नाही, कडा शिल्लक राहतात. समोरच्या माणसाच्या चेहऱ्याच्या जागी राखाडी डाग दिसतो, पण त्याच्या खांद्यामागची खिडकी दिसते. म्हणून कोणाकडे बघायचं असलं की आबा मान तिरकी करतात आणि त्या माणसाच्या कानाकडे बघितल्यासारखं बघतात. नवख्या माणसाला वाटतं, यांचं लक्ष दुसरीकडेच आहे.

मला सिनेमाचं वेड त्यांनीच लावलं. सबटायटल वाचण्याइतकी मी मोठी झाले त्या वर्षापासून आम्ही दोघं महोत्सवांचे पास काढून दिवसाला चार-चार सिनेमे बघत आलो. डोळ्यांचं निदान झाल्यावर पहिले सहा महिने त्यांनी सिनेमाचं नावही काढलं नाही. मग एका संध्याकाळी म्हणाले, "तू बघ आणि मला सांग."

सांगायला बसले आणि पहिल्याच वाक्याला अडले. मी म्हणाले, "एक बाई रडतेय." आबा म्हणाले, "कुठे? दार कुठल्या हाताला आहे? उजेड कुठून येतोय?" आबा ड्राफ्ट्समन होते, जन्मभर इमारतींचे नकाशे काढले. खोली डोक्यात उभी राहिल्याशिवाय त्यांना तिच्यात माणूस ठेवता येत नाही. "आधी जागा सांग, मग माणसं. आणि रडतेय असं सांगू नकोस. ती काय करतेय ते सांग, रडतेय का ते मी ठरवतो."

त्या एका वाक्याने माझं समीक्षण बदललं. इतकी वर्षं मी 'तरल', 'संयत', 'अस्वस्थ करणारा' असे शब्द लिहीत आले. दोन संवादांच्या मधल्या तीन सेकंदांत यातला एकही शब्द कामाला येत नाही. तिथे 'पदराने चष्मा पुसला' हेच चालतं. खाली जे सिनेमे आहेत ते सगळे गेल्या दोन वर्षांत आम्ही असे पाहिले. वर्णनाचा वेगळा ध्वनिपट काही सिनेमांना असतो हे मला माहीत आहे. पण परदेशी सिनेमाला, तोही मराठीतून, कोण देणार? म्हणून सबटायटलही मीच वाचायची आणि चित्रही मीच सांगायचं.

सुरुवातीला महोत्सवातच जाऊन हे करून पाहिलं. कानात कुजबुजत होते. पंधराव्या मिनिटाला मागच्या रांगेतला माणूस म्हणाला, "ताई, गप्प बसा किंवा बाहेर जा." त्याचं बरोबर होतं. आम्ही बाहेर आलो. तेव्हापासून सिनेमा घरी येईपर्यंत थांबतो.

'साबर बोंडं' हा पहिला सिनेमा, ज्यात मला फारसं बोलावं लागलं नाही. रोहन परशुराम कानवडे यांचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा सिनेमा आणि २०२५च्या सनडान्स या अमेरिकेतल्या महोत्सवात जागतिक कथापट विभागातला ग्रँड ज्युरी पुरस्कार त्याला मिळाला. वडील वारल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी आनंद शहरातून गावी येतो. नातेवाईक लग्नाचा लकडा लावतात. लहानपणीचा मित्र बाळ्या तिथेच शेती करतोय, त्याच्याही मागे तेच टुमणं. दोघांमधलं जुनं नातं हळूहळू परत रुजतं. कॅमेरा एका जागी बसून राहतो, माणसं चौकटीत येतात, जातात. आबांसाठी ही चैनच. एकदा जागा सांगितली की पाच मिनिटं तीच जागा. पार्श्वसंगीत नसल्याने कानाला सगळा माग लागतो. कोण उंबऱ्याशी आहे, कोण आत आहे, कोण उठून गेलं, हे आबाच मला सांगत होते.

आणि ती भाषा! आत्या-मामांच्या तोंडची गावाकडची मराठी, टोमणे मारून पुन्हा 'आम्हाला काय करायचंय' म्हणणारी. सबटायटलच्या आधाराने सिनेमा बघायची इतकी सवय झाली होती की आपल्या भाषेतला सिनेमा महोत्सवात गाजला तरी आपल्याला तो थेट ऐकू येतो, ही केवढी श्रीमंती आहे हे मी विसरले होते. जयश्री जगताप यांनी केलेली आई मला या सिनेमातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. मुलाबद्दलचं सत्य तिला माहीत आहे. ती त्याबद्दल भाषण देत नाही, नातेवाइकांच्या प्रश्नांच्या आणि मुलाच्या मध्ये उभी राहते. एका जागी मी सांगितलं, "दोघं झाडाखाली आहेत. एकाचं डोकं दुसऱ्याच्या मांडीवर." आबा काही बोलले नाहीत. त्यांच्या पिढीच्या माणसाला हे कसं वाटेल याची मला धास्ती होती. थोड्या वेळाने म्हणाले, "पोराला दहा दिवसांत बाप गेल्याचं दुःख करायला कोणी मोकळं सोडलंय का? हा एकटाच सोडतोय." सिनेमावर मी बरंच लिहिलेलं वाचलं, पण इतकं नेमकं कुठे वाचलं नाही.

'द सबस्टन्स' मात्र आमच्याकडून पार पडला नाही. कोराली फार्जा यांच्या या सिनेमाला २०२४च्या फ्रान्समधल्या कान महोत्सवात पटकथेचं पारितोषिक मिळालं आणि पुढे रंगभूषेचं ऑस्कर. वय झालं म्हणून टीव्हीवरच्या कामावरून काढून टाकलेली अभिनेत्री एक औषध टोचून घेते आणि तिच्या पाठीतून तिचीच तरुण आवृत्ती बाहेर येते. पहिलंच दृश्य सांगायला छान आहे: अंड्याचा पिवळा बलक, त्यात टोचलेली सुई, आणि त्या बलकातून सुटून बाजूला आलेला दुसरा बलक. एका वाक्यात अख्खा सिनेमा. ती अभिनेत्री झालेली डेमी मूर आरशासमोर बसून ओठांचा रंग पुन्हा पुन्हा पुसते, अखेर चेहराच ओरबाडते आणि ठरलेल्या भेटीला जातच नाही, हे सांगताना माझा आवाज बदलला असावा. आबांनी माझा हात धरला. पण शेवटचा अर्धा तास मी सांगू शकले नाही. रक्त, मांस, आणखी रक्त. प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्यासारखंच होत होतं. मला तो भाग सिनेमाचीच चूक वाटतो. आरशासमोरच्या त्या दोन मिनिटांत जे सांगून झालं होतं तेच मोठ्या आवाजात परत सांगितलंय. भयपटांचे चाहते माझ्याशी भांडतील, भांडोत.

'फ्लो'मध्ये उलट अडचण. त्यात संवादच नाहीत. गिंट्स झिलबालोडिस हा लाटव्हियाचा दिग्दर्शक, सुमारे ३५ लाख युरोंचं बजेट आणि ब्लेंडर हे कोणालाही फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. एवढ्यावर त्यांनी २०२५चं ॲनिमेशनपटाचं ऑस्कर नेलं. पूर येतो, जग बुडतं, एक मांजर एका शिडाच्या होडीत चढतं आणि मग त्या होडीत एकेक प्राणी जमा होतो. मी आधी एकटीने पाहिला होता आणि मला वाटलं होतं, हा आबांना दाखवता यायचा नाही. पण प्राण्यांचे आवाज खरे आहेत. आबांना मांजर भ्यायलंय, चिडलंय की नुसतं विचारतंय, हे माझ्या आधी कळत होतं. कॅपिबारा म्हणजे काय हे सांगताना मात्र दमछाक झाली. उंदराच्या कुळातला सगळ्यात मोठा प्राणी, गुबगुबीत, कशाचंच काही न वाटणारा. "हा आवाज त्याचा नाही," आबा म्हणाले. नंतर वाचलं तर खरंच, कॅपिबाराला उंटाच्या पिल्लाचा आवाज दिलाय! त्याचा स्वतःचा आवाज या शांत स्वभावाच्या पात्राला फार किरटा वाटला म्हणे.

शिवाय डोळ्यांच्या कडांना हालचाल छान कळते. पाणी चढताना पडद्याच्या चारी कडांनी चढतं, त्यामुळे आबांना ते दिसत होतं. मांजर पाण्याखाली गेलं की ते स्वतः श्वास धरत होते. या सिनेमातला कॅमेरा प्राण्याच्या मागे त्याच्याच उंचीवरून पळतो आणि बराच वेळ कट न करता पळतो. जागा सांगायची गरज पडत नाही, कारण जागा पायांखालून उलगडत जाते. प्राण्यांच्या अंगावरचे केस एकेक करून काढलेले नाहीत, कुंचल्याच्या फटकाऱ्यांसारखे आहेत. मोठ्या स्टुडिओंचा गुळगुळीतपणा त्यात नाही आणि मला तो कुठे हवासाही वाटला नाही.

'निकेल बॉइज'बद्दल थोडक्यात. रमेल रॉस यांनी अख्खी गोष्ट दोन मुलांच्या डोळ्यांतून चित्रित केलीय, म्हणजे कॅमेरा जिथे आहे तिथे तो मुलगा आहे. त्यामुळे बराच काळ त्यातल्या एकाचा, एलवुडचा, चेहरा आपल्याला कुठल्यातरी चकचकीत वस्तूत उमटेल तेवढाच दिसतो. फ्लोरिडातल्या एका सुधारशाळेत कृष्णवर्णीय मुलांवर झालेल्या अत्याचारांवर बेतलेली कादंबरी, त्यावरचा हा सिनेमा. आजी नातवाला भेटायला येते, तिला भेटू देत नाहीत. मग ती त्याच्या मित्राला, टर्नरला, जवळ घेते. टर्नर म्हणजे त्या क्षणी कॅमेरा. मी म्हणाले, "आजी आपल्यालाच मिठीत घेतेय." आबा खुर्चीत थोडे पुढे झाले. या पद्धतीचा काही ठिकाणी त्रासही होतो, दिग्दर्शक स्वतःच्या युक्तीच्या प्रेमात आहे असं वाटतं. पण त्या मिठीसाठी मी त्याला सगळं माफ केलं.

पायल कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' मी त्याआधी तीनदा पाहिला होता. २०२४च्या कानमधला ग्रां प्री, आणि मुख्य स्पर्धेत ३० वर्षांनी आलेला भारतीय सिनेमा, हे सगळं तोंडपाठ. तरी आबांना सांगताना तो वेगळाच निघाला. सुरुवातीला मुंबईतले रात्रीचे रस्ते, गाड्या, आणि वरून वेगवेगळ्या भाषांतले अनोळखी आवाज: मी या शहरात कधी आले, का आलो, काय वास आला. चित्र बघणाऱ्याला ते आवाज पार्श्वभूमी वाटतात. आबांना ती माणसंच वाटली. "यांची गोष्ट पुढे येते का?" त्यांनी विचारलं. नाही येत. पण नंतर प्रभा, अनु आणि पार्वती बोलू लागल्या तेव्हा तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. त्या आवाजांतल्याच तिघींची गोष्ट दिग्दर्शिकेने उचललीय असं मला पहिल्यांदा जाणवलं.

जर्मनीहून आलेल्या कुकरचं दृश्य सांगायला मी आतुर होते. प्रभाचा नवरा तिकडे आहे, फोन येत नाही आणि एक दिवस चिठ्ठीचपाटीशिवाय भात शिजवायचा लाल कुकर येतो. रात्री प्रभा जमिनीवर बसून त्याला मिठी मारते. "दोन्ही पायांमध्ये घेऊन," मी सांगितलं. आबा म्हणाले, "बस्स. पुढे बोलू नकोस."

शेवटाकडे समुद्रावर बुडता बुडता वाचलेल्या एका माणसाची प्रभा शुश्रूषा करते आणि तो तिच्याशी तिचा नवरा बोलावा तसा बोलू लागतो. "हा कोण बोलतोय?" आबा. मी म्हणाले, "मलाही नक्की सांगता येत नाही." सांगणारीलाच माहीत नाही, असं आमच्यात पहिल्यांदा झालं. आधी तीनदा पाहिलं तेव्हा तो प्रसंग मला थोडा जुळवून आणलेला वाटला होता. आता वाटत नाही. तिला जे ऐकायचं होतं ते एका आवाजाकडून तिने ऐकून घेतलं, एवढंच पुरेसं आहे.

'सिरात' लावला तेव्हा मी एक चूक केली. तो मी आधी बघितला नव्हता. ओलिवर लाशे यांच्या या सिनेमाला २०२५च्या कानमध्ये ज्युरी पारितोषिक विभागून मिळालं होतं आणि त्याचा आवाज ऐकण्यासारखा आहे एवढंच कळलं होतं. मोरोक्कोच्या वाळवंटात माणसं भल्यामोठ्या स्पीकरची भिंत रचतात. मग कांगडिंग रे यांचं संगीत सुरू होतं आणि शेकडो लोक नाचू लागतात. त्या गर्दीत एक बाप आपल्या लहान मुलाला घेऊन हरवलेल्या मुलीचा फोटो दाखवत फिरतोय. बाप सर्जी लोपेझ, कसलेला नट. त्याच्याबरोबर फिरणारे नाचे मात्र बहुतेक खऱ्या आयुष्यातले, अभिनय कधी न केलेले. आबांनी तळहात टेबलावर पालथा ठेवला होता, ढोलाचा ठोका लाकडातून येत होता. खूप दिवसांनी त्यांना सिनेमा अंगाला लागताना मी बघत होते.

सिनेमाच्या मध्यावर एक गोष्ट घडते. काय ते मी इथेही लिहिणार नाही. क्षणात घडते, आधी काही चाहूल नाही, संगीत नाही. माझं वाक्य अर्धवट राहिलं. "दोन ट्रक घाटात, रस्ता अरुंद, गाडी मागे..." आणि पुढे शब्दच आला नाही. आबा म्हणाले, "काय झालं?" मी गप्प. पुन्हा, "अगं, काय झालं?" पडद्यावर सगळे ओरडत होते. मला तोंड उघडता येईना, कारण ते वाक्य एका बापासमोर उच्चारायचं होतं. मी सिनेमा थांबवला. आबांनी टेबलावरचा हात उचलून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "कळलं. राहू दे." आम्ही उरलेला सिनेमा दोन दिवसांनी पाहिला. तो जबरदस्त आहे, आणि थोडा निर्दयही आहे. उत्तरार्धात दिग्दर्शक प्रेक्षकाला धक्के द्यायला लागतो तेव्हा पहिल्या धक्क्याची किंमत कमी होते असं माझं मत आहे. पण तो पहिला क्षण माझ्या तोंडून आजही निघत नाही. तेव्हापासून नियम केला, आधी मी एकटीने बघायचा.

म्हणून जाफर पनाहींचा 'इट वॉज जस्ट ॲन ॲक्सिडेंट' मी आधी एकटीने पाहिला. २०२५चा पाम दोर, म्हणजे कानमधला सर्वोच्च पुरस्कार. तो संपला तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि आबांना उठवावं की काय असं मला झालं होतं.

गोष्ट अशी. रात्री एक कुटुंब गाडीतून चाललंय. गाडीखाली कुत्रा येतो, गाडी बिघडते, जवळच्या गॅरेजपाशी थांबते. तिथे काम करणारा वाहिद आतल्या बाजूला आहे. त्याला त्या माणसाची चाल ऐकू येते. नकली पायाची कुरकुर. वाहिद जागीच गोठतो. तुरुंगात ज्याने त्याचा छळ केला त्याची हीच चाल. चेहरा त्याने कधी पाहिलेला नाही, कारण तिथे डोळ्यांवर पट्टी असायची. तो त्या माणसाला पळवतो, उजाड माळावर जिवंत पुरायला खड्डा खणतो, आणि ऐन वेळी मनात येतं: हा दुसराच कोणी असला तर? मग व्हॅनच्या पेटीत त्याला घालून वाहिद जुन्या कैद्यांकडे जातो. त्यांच्यापैकीही कोणी चेहरा पाहिलेला नाही. एकजण, शिवा, घामाच्या वासावरून सांगते. एकजण पायावरच्या व्रणांवर हात फिरवून सांगतो.

पनाही स्वतः २०२२च्या जुलैपासून २०२३च्या फेब्रुवारीपर्यंत तुरुंगात होते. कैदेत असताना डोळे बांधून, भिंतीकडे तोंड करून त्यांची चौकशी व्हायची आणि विचारणारा पाठीमागे असायचा. सिनेमा त्यांनी सरकारी परवानगी न घेता चित्रित केला. हे सगळं मी आबांना आधीच सांगितलं. या वेळी अर्धा पान टिपणं काढून बसले होते.

फारसी संवाद, वर माझी मराठी, आणि मधल्या फटींत जागा: व्हॅन, मागे पेटी, पुढे दोघं, बाहेर उन्हाने पांढरा पडलेला माळ. मराठीत फारसीतून आलेले कितीतरी शब्द आहेत. ओळखीचा शब्द कानावर आला की आबा एक बोट वर करायचे. दहाएक मिनिटांनी त्यांचं बोट वर होईनासं झालं. ते इतके स्थिर बसले होते की मला वाटलं, झोप लागली. मी थांबले तर म्हणाले, "वाच, वाच."

माझ्या लक्षात यायला वेळ लागला. आबाही आता माणसं चालीवरून ओळखतात. मी जिना चढून येते तेव्हा बेल वाजवायच्या आत आतून "ये" असा आवाज येतो. शेजारचे काका डावा पाय घासत चालतात, हे मला आबांनी सांगेपर्यंत माहीत नव्हतं. आणि तरीही महिन्यातून एकदा चूक होतेच. ते भलत्याच माणसाला भलत्याच नावाने हाक मारतात, आणि नंतर तासभर बोलत नाहीत. पडद्यावर ती सगळी माणसं भांडत होती की हा तोच आहे, हा तो नाही. त्यातला हमीद तर खात्रीने पेटलेला, लगेच मारून टाका म्हणणारा. आबा म्हणाले, "याला इतकी खात्री आहे तेच वाईट."

पनाहींची करामत ही की इतका जड विषय असून मध्येच हसू येतं. लग्नाच्या पोशाखातली नवरी या टोळक्यात सापडते आणि वेशातच व्हॅन ढकलायला लागते. पहारेकरी लाच मागतात आणि रोख नाही म्हटल्यावर कार्डाचं यंत्र पुढे करतात. आबा खळखळून हसले. आणि मग झाडाशी बांधलेल्या त्या माणसाचं लांबलचक दृश्य, लाल उजेडात, कॅमेरा हलत नाही. तिथे मी फक्त शिवाच्या हातांचं सांगितलं.

शेवटच्या मिनिटात पडद्यावर जवळजवळ काहीच हलत नाही. जे घडतं ते कानाला घडतं. माझ्या टिपणात तिथे एवढंच लिहिलं होतं: गप्प राहा. मी गप्प राहिले. आबांनी मान तिरकी केली नाही, सरळ समोर धरली होती.

नावं संपली तरी ते बोलले नाहीत. मग विचारलं, "तो वळून बघतो का?"

"नाही."

"तेवढा शेवटचा मिनिट परत लाव," ते म्हणाले. "आता तूही डोळे मिट."